ट्रक असो की फिरतं घर : गाडीतल्या टीव्हीसाठी जुना अँटेना काढून काय बसवायचं?

रावेरहून केळी भरून निघालेला ट्रक दिल्ली किंवा पंजाबच्या बाजारात पोहोचतो तोवर चालक आणि क्लीनर यांचं घर म्हणजे ती केबिनच. तिथेच झोप, तिथेच नमाज, स्टोव्हवर चहा आणि घरच्यांशी फोन. परतीच्या भाड्यासाठी कधी दोन-दोन दिवस थांबावं लागतं. आपल्या समाजातली बरीच कुटुंबं या धंद्यावर आहेत. कुणी चालवतो, कुणी गॅरेज सांभाळतो, कुणी गाड्यांची वायरिंग करतो. काहींनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय केली आहे. अजमेरची जियारत असो, लांबचं लग्न असो, सगळं कुटुंब त्यातूनच निघतं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा फिरत्या घरांची चौकशीही वाढली आहे.

या सगळ्या गाड्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : टीव्ही लावलाय, पण अँटेना काही पकडत नाही. नवीन कोणता घ्यावा? दुकानदार बूस्टरवाला अँटेना दाखवतो, ऑनलाइन तर "दोनशे किलोमीटर रेंज" असे दावे असतात. पैसे जातात आणि पडद्यावर मुंग्याच दिसतात. म्हणून खरेदीआधी नेमकं काय बदललं आहे, गाडीवर काय चालतं आणि ते आपल्या हाताने कसं लावायचं, हे नीट समजून घेऊ.

जुना अँटेना का चालत नाही?

माशाच्या काट्यासारखा दिसणारा ॲल्युमिनियमचा अँटेना जमिनीवरच्या टॉवरचा सिग्नल पकडतो. दूरदर्शनची लहान-मोठी प्रक्षेपण केंद्रं गावोगाव होती, तेव्हा घरावर आणि गाडीवर तोच असायचा. पुढे प्रसार भारतीने ही जुनी ॲनालॉग केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद केली. मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या जागांवरची सुमारे पन्नास केंद्रं सोडली, तर बाकीची बंद करण्याचा कार्यक्रम होता. काही मोठ्या शहरांत दूरदर्शनचं जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, पण रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्याचा भरवसा नाही.

म्हणजे दोष अँटेनाचा नाही. टॉवरच बोलत नसेल तर अँटेना कितीही मोठा घ्या, बूस्टर कितीही लावा, ऐकू काय येणार? बूस्टर फक्त असलेला सिग्नल मोठा करतो. नसलेला सिग्नल तो तयार करू शकत नाही.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या मोटरहोमचे व्हिडिओ पाहून अनेकांचा गोंधळ होतो. तिकडचे लोक छतावर पंखासारखा किंवा तबकडीसारखा अँटेना लावतात आणि त्यांना भरपूर वाहिन्या दिसतात. कारण तिथे २००९ मध्ये ॲनालॉग बंद झालं, तरी त्याच टॉवरांवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू राहिलं. तोच अँटेना मागवून रावेर-बुऱ्हाणपूर रस्त्यावरच्या गाडीला लावला तर उपयोग शून्य.

आपल्याकडे बदल करायचा तो असा : टॉवरचा अँटेना काढून उपग्रहाची छोटी डिश घ्यायची. म्हणजेच डीडी फ्री डिश.

फ्री डिशच का?

दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये "डीडी डायरेक्ट प्लस" या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचा रिचार्ज नाही. डिश, एलएनबी, केबल आणि सेट-टॉप बॉक्स असा एकदाच साधारण दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. खासगी डीटीएचही गाडीतून चालू शकतं, पण महिना भरला नाही की बंद. वर ते कनेक्शन घरच्या पत्त्यावर असतं.

फ्री डिशवर सह्याद्री आहे, डीडी उर्दू आहे, बातम्यांच्या आणि करमणुकीच्या वाहिन्या आहेत. कुटुंब सोबत असेल तर आणखी एक मोठा फायदा आहे. शाळेच्या अभ्यासक्रमावर चालणाऱ्या पीएम ई-विद्या वाहिन्या यावर मोफत मिळतात. २०२० मध्ये "एक इयत्ता, एक वाहिनी" अशा १२ वाहिन्यांपासून त्यांची सुरुवात झाली आणि पुढे वेगवेगळ्या भाषांसाठी ही संख्या २०० पर्यंत नेण्यात आली. कामासाठी आई-वडिलांबरोबर महिनोन्‌महिने फिरणाऱ्या मुलांची शाळा सुटते, हे आपण खानदेशात दर हंगामात पाहतो. टीव्ही शाळेची जागा घेऊ शकत नाही. पण मुक्कामी रोज तासभर इयत्तेचा धडा कानावर पडला तर मूल अगदीच मागे पडत नाही.

"मोबाइल आहे ना, टीव्ही कशाला?" असंही कुणी म्हणेल. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण पाऊण ते एक जीबी डेटा खातो. चार माणसांनी संध्याकाळभर पाहायचं म्हटलं तर दिवसाचा पॅक संपतो. शिवाय पालकडे सातपुड्यात शिरलं की कित्येक ठिकाणी नेट मिळत नाही. डिशला मोबाइल टॉवर लागत नाही. वर आकाश मोकळं असलं की झालं.

उपग्रह आहे कुठे?

इथून पुढचं नीट वाचलं तर मेकॅनिकला बोलवायची गरज पडणार नाही.

फ्री डिशचा सिग्नल जीसॅट-१५ या आपल्या उपग्रहावरून येतो. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. पृथ्वीच्या फिरण्याइतक्याच गतीने तोही फिरतो. त्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा असतो. घरावरची डिश एकदा लावली की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही, ती यामुळेच. गाडी मात्र रोज वेगळ्या गावात, वेगळ्या तोंडाने उभी राहते. म्हणून गाडीवाल्याने डिश लावायला स्वतः शिकलंच पाहिजे.

रावेरहून पाहिलं तर हा उपग्रह आग्नेयेला आहे. होकायंत्रावर साधारण १३९ अंश आणि जमिनीपासून वर साधारण ५८ अंश. होकायंत्र नसेल तर आपल्याला रोजच्या सवयीची एक खूण आहे. खानदेशातून किब्ला जवळजवळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. किब्ल्याकडे तोंड करून सरळ उभे राहा. डावा हात बाजूला ताणला तर तो दक्षिणेकडे जातो, पाठ पूर्वेकडे असते. डाव्या हाताच्या आणि पाठीच्या बरोबर मधोमध जी दिशा येते, तिकडे डिशचं तोंड करायचं. बाकी बारीक जुळवणी बॉक्सच्या मीटरवर होते.

गाव बदललं की कोन बदलतो. नेहमीच्या रस्त्यांवरचे आकडे असे (आधी दिशा, मग उंची, दोन्ही अंशांत आणि साधारण) :

- रावेर : १३९ आणि ५८
- इंदूर : १४० आणि ५७
- सुरत : १३४ आणि ५६
- मुंबई : १३१ आणि ५७
- नागपूर : १४४ आणि ६०
- दिल्ली : १४९ आणि ५२
- अमृतसर : १४७ आणि ४८

किब्ल्याच्या खुणेतही थोडा फरक पडतो. दिल्लीत डिश मधोमध न ठेवता डाव्या हाताकडे जरा जास्त न्यायची, मुंबईत पाठीकडे जरा जास्त. हे आकडे कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा. त्याहून चांगलं म्हणजे डिशच्या मागच्या पट्टीवर, जिथे कोन बसवतात तिथे, रंगाच्या रेघा मारून ठेवा. एक रेघ रावेरची, एक दिल्लीची. पुढच्या वेळी शोधाशोध नाही.

मोबाइलमधलं होकायंत्र वापरणार असाल तर गाडीपासून आठ-दहा पावलं लांब जाऊन पाहा. ट्रकच्या लोखंडाजवळ त्याची दिशा चुकते.

डिश छतावर की जमिनीवर?

बहुतेकांना वाटतं, गाडीची गोष्ट आहे तर छतावरच पक्की बसवावी. साध्या डिशच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे. कारणं चार.

पहिलं, दोन फुटी डिशचा नेम फार बारीक असतो. एक कड धरून दुसरी कड जेमतेम एक सेंटीमीटर सरकवली की नेम एक अंशाने हलतो, आणि दोन अंश चुकले की चित्र गेलंच म्हणून समजा. गाडी पाट्यांच्या स्प्रिंगवर असते. कुणी केबिनमध्ये चढलं-उतरलं की ती झुकते आणि छतावरची डिशही झुकते. जमिनीवरची डिश झुकत नाही.

दुसरं, छतावर डिश राहिली तर गाडीची उंची वाढते. फांद्या, पुलाखालची जागा, वीजतारा, सगळीकडे धोका. रस्त्यावर सुटून मागच्या मोटरसायकलवाल्यावर पडली तर काय होईल, याचा विचार करा.

तिसरं, छताला भोकं पाडली की पावसाळ्यात गळती ठरलेली.

चौथं, गाडीत कायमचा फेरफार केला की आरटीओचे प्रश्न येतात. पूर्ण मोटरहोम बनवायचं असेल तर त्यासाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे आणि ते काम मान्यता असलेल्या ठिकाणीच करून घ्यावं. काढता-घालता येणाऱ्या स्टँडला हा व्याप नाही.

म्हणून तीन पायांचा लोखंडी स्टँड वेल्डिंगवाल्याकडून बनवून घ्या. मधला पाइप डिशच्या क्लॅम्पमध्ये बसेल एवढ्या जाडीचा हवा. पाय दुमडणारे असले तर स्टँड सीटमागे मावतो. वारा असेल तर पायांवर वाळूची पिशवी किंवा पाण्याने भरलेला कॅन ठेवा.

परदेशात चालत्या गाडीतही उपग्रह धरून ठेवणारे मोटरवाले घुमटी अँटेना मिळतात. ते फार महाग असतात. मुक्कामी टीव्ही पाहणाऱ्याला त्यांची गरज नाही.

लावायची पद्धत

१. जागा निवडा. आग्नेयेला आकाश मोकळं हवं. उपग्रह बराच उंचावर असल्याने लांबचे डोंगर आड येत नाहीत, जवळचं झाड किंवा भिंत येते. रावेर भागात २० फुटी झाड आड येत असेल तर त्यापासून १३ फूट लांब सरका, अमृतसरकडे १८ फूट. स्टँड गाडीच्या त्या बाजूला ठेवा जिथून आग्नेय मोकळी दिसते. नाहीतर आपलीच गाडी आड येते.

२. पाइप अगदी उभा करा. गवंडी ओळंबा लावतो तसा दोरीला नट बांधून पाहा. पाइप कलला तर पट्टीवरचा कोन खोटा ठरतो आणि मग तासभर डिश फिरवत बसावं लागतं.

३. उंचीचा कोन पट्टीवर बसवा. डिशकडे बघून अंदाज घेऊ नका. या डिशची एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असते. त्यामुळे डिश बघणाऱ्याला खूप खाली पाहतेय असं वाटतं, प्रत्यक्षात ती वरचं आकाश पाहत असते. पट्टीवर विश्वास ठेवा.

४. बॉक्स बंद असताना केबल जोडा. एलएनबीला वीज याच केबलमधून जाते. चालू बॉक्सला केबल जोडताना तार तारेला लागली तर बॉक्स जळू शकतो.

५. बॉक्सच्या मेनूत उपग्रह जीसॅट-१५ निवडा. जुन्या बॉक्समध्ये त्याच जागेवरच्या आधीच्या उपग्रहाचं नाव "इन्सॅट ४बी" असेल, तेही चालेल. एलएनबी युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०–१०६००. तपासणीसाठी ११०९०, व्ही, २९५०० हा ट्रान्सपाँडर ठेवा.

६. आता पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील : एक ताकदीची, एक गुणवत्तेची, म्हणजे क्वालिटीची. बहुतेक जण इथेच फसतात. ताकदीची पट्टी एलएनबी जोडली की भरलेली दिसू शकते. तिला महत्त्व नाही. लक्ष फक्त क्वालिटीवर. डिश आग्नेयेच्या आसपास अगदी हळू फिरवा. बोटभर सरकवा, तीन-चार सेकंद थांबा, परत बोटभर. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. घाईने फिरवणारा उपग्रहावरून पुढे निघून जातो आणि त्याला कळतही नाही.

७. सिग्नल कसलातरी सापडतोय, पण वाहिन्या वेगळ्याच किंवा काहीच नाही, असं झालं तर शेजारचा उपग्रह लागला असण्याची शक्यता मोठी. ९५ अंशावर दुसऱ्या डीटीएच सेवेचा उपग्रह आहे, आपल्यापासून फक्त दीड अंशावर. अशा वेळी डिश किंचित दक्षिणेकडे आणि किंचित वर न्या.

८. क्वालिटी आली की एलएनबी तिच्या पकडीत थोडी डावी-उजवी वळवून पाहा. गावागणिक हा पीळही बदलतो. क्वालिटी सर्वात जास्त दिसेल तिथे स्क्रू आवळा. आवळताना डिश हलते, म्हणून शेवटी पट्टी पुन्हा एकदा पाहा.

९. ऑटो स्कॅन करा. प्रसार भारती खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने देते, त्यामुळे वाहिन्या येतात-जातात. एखादी आवडती वाहिनी गायब झाली तर डिश हलवायच्या आधी स्कॅन करून पाहा.

पहिल्यांदा अर्धा तास जाईल. चार मुक्काम झाले की दहा मिनिटांत जमतं.

काय विकत घ्यायचं, काय नाही

बॉक्स एमपीईजी-४ वाला घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत. काही नव्या टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. तसा टीव्ही असेल तर वेगळा बॉक्स न घेताही मोफत वाहिन्या दिसू शकतात, आधी टीव्हीच्या मेनूत पाहा.

केबल आरजी-६ घ्या, बारीक नको. दहा मीटर पुरते. टोकांना स्क्रूचे एफ-कनेक्टर लावून घ्या आणि एलएनबीजवळच्या जोडावर रबरी टोपी बसवा. सिग्नल गेल्याच्या तक्रारींमागे पुष्कळदा केबलच्या टोकात शिरलेलं पाणी असतं. दरवाजात केबल चेपली तर आतली तार मोडते. त्यासाठी खिडकीच्या रबराजवळून वाट काढा.

बूस्टर घेऊ नका. दहा मीटर केबलला त्याची गरजच नाही.

वीज : इथे चूक महाग पडते

टेम्पो ट्रॅव्हलर, जीप यांची वीज १२ व्होल्टची असते, मोठ्या ट्रकची सहसा २४ व्होल्टची. १२ व्होल्टचा बॉक्स किंवा टीव्ही सरळ २४ व्होल्टला जोडला की जळालाच. मग काही जण "सोपी" युक्ती करतात : दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढतात. टीव्ही चालतो, पण ती एक बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी जास्त भरली जाते, आणि काही महिन्यांत दोन्ही खराब होतात. बॅटरीच्या जोडीच्या किमतीपुढे २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर फार स्वस्त आहे. तोच बसवा.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टवर चालणारा २४ इंची टीव्ही २५ ते ३० वॅट घेतो, बॉक्स आणि एलएनबी मिळून १० वॅट धरा. एकूण ४० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण साडेतीन अँपिअर. तीन तास पाहिलं तर १० अँपिअर-तास खर्च. चांगल्या बॅटरीला हे झेपतं. जुन्या, थकलेल्या बॅटरीवर मात्र सकाळी सेल्फ मारताना कळतं. माल केळीचा असेल तर दोन-तीन तासांचा उशीरही भावाला लागतो. बॅटरी जुनी असेल तर टीव्हीसाठी वेगळी बॅटरी ठेवणं शहाणपणाचं.

बॅटरीच्या टोकाजवळच फ्यूज हवा. वर धरलेल्या भाराला ५ अँपिअरचा पुरतो. लांब वायर कुठे घासली आणि फ्यूज नसेल, तर केबिनला आग लागू शकते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि टीव्हीसाठी किंवा पंख्यासाठी इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपू नका. सायलेन्सरचा विषारी वायू आत साचला तर वास न येता माणूस दगावतो.

जिवाचा प्रश्न असलेल्या तीन गोष्टी

वीजतारा : केळीच्या बागांच्या कडेने, पंपांसाठी ११ हजार व्होल्टच्या लाइनी गेलेल्या असतात. अशा तारेखाली गाडी लावून लोखंडी पाइप उभा करू नका. तारेला शिवलंच पाहिजे असं नाही, फार जवळ गेलं तरी वीज झेप घेते. वर पाहा, मगच स्टँड काढा.

विजा : आभाळ गडगडायला लागलं की बॉक्समधून केबल काढून ठेवा. विजा सुरू झाल्यावर बाहेर जाऊन डिश उतरवायला जाऊ नका. डिश दुसरी मिळते.

चालक : गाडी चालू असताना चालकाला दिसेल असा टीव्ही नको. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांनुसार रस्ता दाखवणारा नकाशा सोडून चालकाने गाडी चालवताना व्हिडिओ पाहायला मनाई आहे. टीव्हीचा पडदा चालकाच्या मागच्या बाजूला लावा आणि निघताना बंद करा. अब्बा गाडी चालवताहेत आणि मुलं मागून "हे बघा, हे बघा" म्हणताहेत, हेही नको.

चित्र गेलं की आधी हे आठवा

मुसळधार पावसात चित्र अडखळतं. हा सिग्नल दाट पावसात शोषला जातो. पाऊस ओसरला की आपोआप येतो, डिश हलवू नका. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र जातं. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. हेही आपोआप सुटतं. याच मिनिटांत एक फायदाही करून घेता येतो : डिश अचूक असेल तर डिशवरून परतणारा सूर्याचा उजेड एलएनबीच्या तोंडावर गोळा होतो.

या दोन्ही वेळा सोडून चित्र गेलं, तर आधी केबलची दोन्ही टोकं पाहा, मग पाइप सरळ आहे का ते पाहा, मग कुणी डिशला धक्का दिला का विचारा. एलएनबी बदलायची पाळी सगळ्यात शेवटी येते.

हाताला काम

आपल्याकडे आयटीआय करून बसलेली, मोबाइल दुरुस्ती किंवा वायरिंग शिकलेली मुलं पुष्कळ आहेत. दुमडता येणारा स्टँड, नीट कापलेली केबल, फ्यूजसह कन्व्हर्टर आणि चालकाला अर्ध्या तासाचं शिक्षण, एवढं एकत्र देणारा कारागीर ट्रकच्या अड्ड्यावर सहज उभा राहू शकतो. भांडवल थोडं लागतं, हुन्नर महत्त्वाचा.

आणि घरातल्या बायाबापड्यांनी, मुलांनीही हे शिकून घ्यावं. गाडी मुक्कामाला लागली की चालक आठ-दहा तासांनी उतरलेला असतो. त्याला आधी पाणी हवं, जेवण हवं, पाठ टेकायला जागा हवी. डिश लावायचं काम दहावीतली मुलगीसुद्धा आरामात करू शकते. तिच्यासाठी ते भूगोलाचं आणि विज्ञानाचं प्रात्यक्षिकही आहे : रेखांश, दिशा, कोन, सगळं एका स्टँडवर.

थोडक्यात, अँटेना बदलायचा म्हणजे जास्त मोठा अँटेना आणायचा नाही. टॉवरकडे बघणं सोडून आकाशाकडे बघायचं. दोन फुटी डिश, सरळ उभा पाइप, चांगली केबल आणि योग्य व्होल्टेज एवढं जमलं, की गाडी सावद्याला उभी असो नाहीतर अमृतसरच्या मंडीत, संध्याकाळच्या बातम्या आणि मुलांचा धडा चुकणार नाही.